नळीची खरखर

भागवत सर ऑक्टोबरच्या अखेरीस निवृत्त होणार होते आणि सूर्यग्रहण त्याच्या आदल्याच आठवड्यात, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. १९९५ साल होतं. सुरतेच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात ही गोष्ट योगायोग म्हणून कोणी बोलून दाखवली नाही. सरांच्या खोलीत योगायोग हा शब्द फारसा चालत नसे.

खोली म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची मायक्रोवेव्ह प्रयोगशाळा. तिच्या मधोमध सागवानी टेबलावर तांब्याच्या तारेचं एक लांबट, जाडजूड वेटोळं आडवं ठेवलेलं होतं आणि त्याच्या पोटात काचेची एक नळी होती. कागदोपत्री तिचं नाव ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब. बंद पडलेल्या एका उपग्रह केंद्रातून सरांनी ती मागून आणली होती, त्याला बरीच वर्षं झाली होती. आकाशातून येणारा अतिशय क्षीण संदेश मोठा करायचा, एवढंच तिचं काम. पण मोठा करता करता ती स्वतःची खरखर त्यात मिसळायची, आणि सरांचं आयुष्य ती खरखर कमी करण्यात गेलं होतं.

ऋचा सबनीस एम.एस्सी. होऊन प्रकल्प सहायक म्हणून रुजू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं की, ही खरखर मुळात येते कुठून? सरांनी तिला खिडकीशी नेलं. खाली बसस्टॉपवर गिरणीची पाळी सुटलेली माणसं उभी होती. बस आली, आणि जो तो आपल्या वेळी, आपल्या जोराने दाराकडे झेपावला. सर म्हणाले, कॅथोड तापला की इलेक्ट्रॉन असेच बाहेर पडतात. दोन कधी एकदम, मग एकही नाही, मग चार. ती धांदल म्हणजे खरखर. आता हीच माणसं एका लांब, अरुंद बोळातून हळूहळू पुढे सोडली तर बसपर्यंत येताना त्यांची धांदल पुष्कळ ओसरते. आपण तेच करायचं. कॅथोड लागेल तेवढाच तापवायचा, त्याच्यापुढच्या कड्यांचे व्होल्टेज असे जुळवायचे की इलेक्ट्रॉन सुरुवातीला सावकाश चालतील. आणि मग त्यांची धार तारेच्या बारीक मळसूत्रातून कुठेही न घासता गेली पाहिजे. घासली की काही इलेक्ट्रॉन तिथेच गळतात, कोणते आणि कधी याला धरबंध नाही, आणि सगळी मेहनत पाण्यात. धार सरळ ठेवायला ते वेटोळं, त्याचं चुंबकत्व. म्हणून या टेबलावर लोखंड आणायचं नाही. पक्कडसुद्धा नाही.

तसा बोर्डच सरांनी भिंतीवर लावला होता.

नखाएवढे ट्रान्झिस्टर आता ह्याच कामासाठी मिळू लागले होते आणि ते या नळीहून शांत होते, हे ऋचाला माहीत होतं. सरांना तर होतंच. सर गेल्यावर नळी भंगारात जाणार हेही ठरलेलं होतं. मात्र त्याआधी तिच्यावर एक स्वच्छ आलेख काढायचा होता. गच्चीवरची अँटेनाची तबकडी सूर्याकडे धरायची, चंद्र सूर्याला झाकत जाईल तशी सूर्याची रेडिओ लहरींमधली ऊब कशी घटते, मग कशी परतते, ते कागदाच्या पट्टीवर पेनने उमटवून घ्यायचं. नळीची स्वतःची खरखर सूर्याच्या संदेशाहून जास्त होती. ती कमी झाली नाही, स्थिर राहिली नाही, तर सूर्य तिच्यात बुडून जाणार होता. आणि ग्रहण पुन्हा मागता येत नाही.

श्रावणापासून ऋचा त्या एका गोष्टीच्या मागे होती. मेनचा गुणगुणाट येऊ नये म्हणून तिने कॅथोडचा हीटर ट्रकच्या बॅटऱ्यांवर घेतला. कॅथोडची उष्णता ती केसाकेसाने उतरवत गेली. एका जागेपर्यंत खरखर कमी होई आणि त्याच्याही खाली गेलं की पुन्हा उसळे. ती जागा सापडायला गणपती होऊन गेले. कड्यांचे व्होल्टेज जुळवायला दसरा उजाडला. दिवाळीच्या आठवड्यात पेनची रेघ इतकी बारीक आली की सर चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून तिच्याकडे बघत राहिले. शाबासकी त्यांनी दिली नाही. “आता हिला हात लावू नका,” एवढंच म्हणाले.

हे त्यांनी सुकलाललाही सांगितलं. सुकलाल हा प्रयोगशाळेचा शिपाई. मूळचा अमळनेरकडचा, लिंबायतला राहणारा, आधी बरीच वर्षं उधन्याला लूम चालवलेला. झाडू मारणं, बॅटऱ्यांत पाणी घालणं, गच्चीवरच्या तबकडीवरून कबुतरं हाकलणं ही त्याची कामं, आणि ती तो मन लावून करी. बोलणं बेताचं. ऋचाला तो सगळ्या कॉलेजसारखं बेन म्हणे आणि ती त्याला काका म्हणे. त्याचा थोरला मुलगा योगराज दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात शॉक लागून गेला होता, इतपत तिला ठाऊक होतं. त्यावर तो कधी बोलला नव्हता आणि तिने कधी विचारलं नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुकलालने प्रयोगशाळेत पूजा केली. ती दरवर्षीची. कपाटाला झेंडू, मीटरना हळदकुंकवाचं बोट, वेटोळ्याला लांबूनच ओवाळणं. सर नास्तिक नव्हते आणि आस्तिकही नव्हते. ते दारात चपला काढून उभे राहत आणि पेढा घेत. त्या दिवशी सुकलालने ऋचाला विचारलं की, उद्या ग्रहण लागेल तेव्हा मशीन चालवायला कोण बसणार? ती म्हणाली, मीच. सारखे व्होल्टेज बघावे लागतात. त्याने मान हलवली. मग ताट उचलून ठेवायला तो मागे राहिला आणि ती घरी गेली.

सकाळी घरून निघताना आईने तिला अडवलं नाही. पाण्याच्या पिंपात तुळशीचं पान टाकत ती एवढंच म्हणाली की, परत आल्यावर आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर. रस्त्यावर फटाक्यांच्या लाल कागदांचा खच होता आणि पुलावर चिटपाखरू नव्हतं. तापीवर धुकं होतं. दिवाळी झालेली, गुजरात्यांचं नवं वरस अजून लागायचं, आणि त्यात ग्रहण. सगळं शहर दारं लावून बसलं होतं. कॉलेजात पोचली तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सुकलाल बसलेला. आज सुट्टी असून तो आला होता. उपाशी होता, पाणीही पीत नव्हता. घरी त्याची बायको धुरपदाबाई रागावली असेल, असं ऋचा म्हणाली, तेव्हा त्याने सरकून तिला वर जायला वाट दिली.

सर आधीच गच्चीवर तबकडीपाशी होते. ऋचाने बॅटऱ्या जोडल्या, कॅथोड तापू दिला, वेटोळ्यात प्रवाह सोडला, मग एकेक व्होल्टेज चढवलं. पेन कागदावर टेकवलं आणि तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. रेघ नव्हतीच ती. बोटभर जाडीचा थरथरता पट्टा होता.

पहिल्यांदा तिला वाटलं, गिरण्या बंद आहेत, लाइनचा दाब वाढला असेल. मीटर बघितला, स्थिर होता. हीटरचा प्रवाह कालचाच. कड्यांचे व्होल्टेज कालचेच. तिने एकही बटण फिरवलं नाही. घाईत एक बटण फिरवलं की मग काय बिघडलं होतं आणि काय आपण बिघडवलं, हे कधीच कळत नाही, ते तिला सरांनी शिकवलं होतं. एकामागून एक सगळे काटे वाचत ती शेवटच्या मीटरशी आली. मळसूत्राच्या तारेवर किती इलेक्ट्रॉन गळतात ते दाखवणारा तो काटा एरवी शून्याला चिकटून असे. आता तो मध्यावर होता.

म्हणजे धार घासत होती.

ती गच्चीवर धावली आणि सरांना सांगितलं. सरांनी काळ्या काचेतून सूर्याकडे पाहिलं. कडेला अजून काही नव्हतं. वेटोळ्याचा प्रवाह बरोबर आहे का, त्यांनी विचारलं. बरोबर आहे, ती म्हणाली. मग जवळ काहीतरी आहे, ते म्हणाले.

टेबलावर काही नव्हतं. तिने दोनदा पाहिलं. झेंडूची फुलंसुद्धा तिने उचलून बाजूला केली. वेटोळं चालू असताना होकायंत्राचा उपयोग नाही, ते वेटोळ्याकडेच तोंड करणार. तेव्हा तिने जड मनाने व्होल्टेज उतरवले, वेटोळं बंद केलं, मेन स्विचही बंद केला, कपाटातून होकायंत्र काढलं आणि टेबलाच्या कडेने सावकाश न्यायला लागली. सुई उत्तरेला होती. कॅथोडच्या बाजूला येताच ती दचकल्यासारखी वळली आणि खाली झुकली. ऋचा गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली वाकली.

फळीच्या खालच्या आडपट्टीला, बरोबर कॅथोडच्या खाली, लाल कापडात काहीतरी काळ्या दोऱ्याने घट्ट बांधलेलं होतं. दोऱ्याची गाठ सोडवायला तिला नखं लावावी लागली. आत घोड्याचा नाल होता, वापरून झिजलेला, कुंकू लावलेला.

ती नाल हातात घेऊन बाहेर आली. सुकलाल पायरीवरून उठून दारात उभा होता. तिच्या हाताकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

“मी बांधेल शे, बेन,” तो म्हणाला. एरवी तो तिच्याशी मराठी बोले, गुजराती मिसळून. आता त्याची घरची भाषा बाहेर आली होती. “टेबलवर लोखंड नको, आसं साहेब बोलेल व्हतात. म्हणीसन खाले बांधं.”

तिला हसू आलं असतं, एखाद्या दुसऱ्या दिवशी. त्याने आज्ञा पाळली होती. टेबलावर लोखंड नव्हतंच.

तेवढ्यात सर वरून हाका मारत आले. चंद्र सूर्याला लागला होता. दारातच त्यांनी नाल पाहिला आणि क्षणात त्यांना सगळं समजलं. ऋचाने त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. आज त्यांनी चढवला. इतकी वर्षं इथे काम करून एवढं कळू नये का, बोर्ड कशाला लावलाय, ही मुलगी तीन महिने कशासाठी राबली, असं ते बोलत गेले. सुकलालने सगळं ऐकून घेतलं. मग तो दोन पावलं मागे सरून मेन स्विचला पाठ लावून उभा राहिला.

“नाल काढला ना, साहेब,” तो म्हणाला, “मग बेनला मशीनवर बसू देणार नाही मी. आज नाही.”

मग तो आपणहून सांगायला लागला, तिच्याकडे बघून, अडखळत. लूमच्या शेडमध्ये प्रत्येक मशीनला त्याने स्वतः नाल बांधलेला होता. नवीन मशीन आलं की खंडेनवमीची वाट न बघता आधी नाल, मग बटण. योगराज ज्या कारखान्यात लागला तिथलं मशीन नवं होतं, माल निकडीचा होता, मालक म्हणाला पूजा नंतर करू. सुकलाल त्या दिवशी मुलाला डबा द्यायला गेला होता. मशीनला काही बांधलेलं नाही हे त्याला दिसलं होतं. घाई होती, तो तसाच परतला. योगराजने उघड्या पेटीत हात घातला तेव्हा दुपार होती.

“मना पोऱ्याना मशीनले नाल नव्हता,” तो म्हणाला.

या मशीनमध्ये हजारांनी व्होल्टेज आहे, हे ऋचाला माहीत होतं. रोज मागच्या पेटीत हात घालताना तिने ते मनातल्या मनात म्हटलेलं असे. योगराजच्या पेटीला अर्थिंग नसणार, झाकण नसणार, आणि त्याला कारण तो मालक होता, नाल नव्हे. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. ते बरोबर होतं आणि या घटकेला त्याचा काही उपयोग नव्हता. तिच्या हातात नाल होता, थंड आणि जड, आणि वर सूर्याचा एक तुकडा गेलेला होता.

“काका,” ती म्हणाली, “नाल खोलीत राहील. तुमच्या हातात. किती लांब धरायचा ते आपण मोजू.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मोजणं म्हणजे आणखी वेळ जाणार, आलेखाची सुरुवात आधीच गेली होती. मग त्यांनी फळ्याजवळ जाऊन खडू घेतला.

होकायंत्र टेबलावर ठेवून ऋचा सुईकडे बघत बसली. सुकलाल नाल दोन्ही हातांत धरून एकेक पाऊल मागे गेला. सुई हलली, हलली, कमी हलली, मग हलेनाशी झाली. तरी तिने त्याला आणखी थोडं मागे जायला लावलं. तिथे सरांनी वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, जमिनीवर खडूची रेष ओढली. सुकलालच्या चपलांची टोकं रेषेला लागून होती.

“ह्याच्या अलीकडे नाही,” सर म्हणाले.

“नाही, साहेब.”

मेन स्विच त्यानेच चालू केला.

कॅथोड गरमच होता. व्होल्टेज पायरीपायरीने चढले, शेवटचा काटा शून्याकडे गेला आणि तिथे टेकला. पेनखाली रेघ बारीक झाली, कालच्यासारखी. सर वर तबकडी फिरवायला निघून गेले. ग्रहणाचा पाव भाग संपला असेल, पण रेघ आता उतरत होती, उतारावरून पाणी जावं तशी अखंड. खिडकीबाहेरचा उजेड पातळ, पिवळट झाला. आंब्याखालच्या कवडशांच्या चंद्रकोरी झालेल्या तिने एका डोळ्याने पाहिल्या, दुसरा डोळा मीटरवर. मागे सुकलाल उभा होता. तो काही पुटपुटत होता की श्वास घेत होता, तिला कळत नव्हतं.

ग्रहण जास्तीत जास्त व्हायच्या सुमारास बॅटरी किंचित उतरली. हीटरचा प्रवाह ढळला. तो सांभाळायचा स्क्रू मागच्या पेटीत होता. ऋचाने प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घेतला, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात सवयीने पाठीमागे ठेवला, पेटीचं झाकण उघडलं आणि उजवा हात आत घातला.

ती पावलं तिला ऐकूच आली नाहीत. कोणीतरी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं, खुर्चीसकट. नाल त्याच्या दुसऱ्या हातात होता आणि वेटोळ्याला जवळजवळ टेकला होता. पेन ताडकन वर उडालं. सुकलाल तिच्या हाताकडे बघत होता, उलटसुलट करून, बोटं मोजल्यासारखा.

“काही नाही झालं, काका,” ती म्हणाली. “बघा. काही नाही.”

त्याने हात सोडला. मग आपण कुठे उभे आहोत ते त्याच्या ध्यानात आलं. नाल छातीशी धरून तो रेषेपलीकडे गेला. पेन खाली उतरलं आणि बारीक रेघ पुन्हा जिथल्या तिथे लागली. तिने स्क्रू फिरवला, त्याला दिसेल असा, सावकाश, आणि झाकण लावलं. या वेळी तो जागचा हलला नाही. पण त्याने डोळे मिटले होते.

सूर्य सुटला. रेघ चढत जाऊन सपाट झाली. सर खाली आले, त्यांनी कागदाची पट्टी टेबलावर पसरली आणि तिघेही तिच्याभोवती उभे राहिले. सुकलालने नाल दाराबाहेर ठेवला होता. सुरुवात नव्हती. उतार स्वच्छ होता, चढ स्वच्छ होता, आणि तळापाशी एक उंच सुळका होता.

सुकलालने त्या सुळक्यावर बोट ठेवलं. “हे मी?”

“हो,” ऋचा म्हणाली.

“खराब झालं.”

तिला खोटं बोलता आलं असतं. “तेवढ्या जागी खरखर वाढली. पण कशाने वाढली ते आपल्याला माहीत आहे.”

सरांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. आलेखात कुठेही उसळी आली तर कारण तिथल्या तिथे लिहायचं, ही त्यांची शिस्त होती, आणि कारण माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायचं. ऋचाने सुळक्याशेजारी लहान अक्षरांत लिहिलं: ‘सुकलाल रेषेच्या आत आले. हातात लोखंड.’ सरांनी ते वाचलं, एकदा सुकलालकडे पाहिलं आणि खाली तारीख टाकून सही केली.

सुकलाल तापीवर आंघोळीला गेला. ऋचा घरी.

नोव्हेंबरात नळी भंगारात गेली. वेटोळ्याचं तांबं वेगळं तोलून नेलं, आणि टेबलावर परीक्षेचे कागद येऊन पडले. ऋचा अजून काही महिने तिथे होती, नव्या ट्रान्झिस्टरवर. प्रयोगशाळा रोज झाडली जायची, दर आठवड्याला पुसलीही जायची. मधोमध मात्र खडूची ती रेष तशीच राहिली होती. सुकलाल झाडू मारत तिच्यापर्यंत यायचा, थांबायचा, आणि पलीकडे जाऊन तिथून पुन्हा सुरू करायचा.